यंदा शिट्ट्या नकोत

रोमेलियाने जूनपासून इमारतीचं लोखंडी फाटक ओलांडलं नव्हतं. कचऱ्याची पिशवी टाकायलासुद्धा तिची मुलगी नोएमी जायची, नाहीतर खालच्या मजल्यावरची देल्फिना. कॉलरी शिवायचे गठ्ठे कारखान्यातून देल्फिनाच आणायची आणि शिवून झालेले तीच पोचवायची. रोमेलिया फार तर जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरायची, फाटकाच्या गजांतून दिसेल तेवढा रस्ता पाहायची आणि चुलीवर दूध ठेवल्यासारखी घाईघाईने परत वर यायची.

तिच्या नवऱ्याला, मार्सियालला, जूनमध्ये गाड्या धुण्याच्या जागेवरून उचललं होतं. इमिग्रेशन खात्याची, तोंडं झाकलेली माणसं आली आणि हातातलं ओलं फडकंही त्याला खाली ठेवू दिलं नाही. मायदेशी परत धाडलेला तो आता ग्वाटेमालात, तोतोनिकापानला, भावाच्या घरी राहत होता आणि रोज संध्याकाळी फोनवर आधी एकच विचारायचा, "दार लावलंय ना?" अमेरिकेत राहायचे कागद रोमेलियाकडेही नव्हते. तिलाही नेलं तर मागे उरणार कोण, तर सतरा वर्षांची पोर आणि सकाळी काय खाल्लं ते दुपारी न आठवणारा म्हातारा बाप. हा विचार दिवसभर तिचा पिच्छा सोडायचा नाही. मशीन चालू असलं की जरा विसर पडायचा, म्हणून ती मशीन थांबूच द्यायची नाही.

आणि नेमका अशातच नोएमीने हट्ट धरला.

"चौदा तारखेला तू खाली यायचंस. मशाल माझ्याकडे आहे. पाणी तूच टाकायचं."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दर वर्षी मी बरोबर धावायचे तेव्हा पप्पा टाकायचे. मग यंदा कोण टाकणार? देल्फिनामावशी?"

देल्फिना तिथेच गठ्ठा बांधत बसली होती. ती शेजारच्या एल साल्वादोर देशाची, कागद असलेली, आणि तोंडाची फटकळ. "माझ्यावर नका ढकलू," ती म्हणाली. "स्वातंत्र्य आमचंही त्याच दिवशी मिळालं, पण आम्ही साल्वादोरवाले ते बसून, खाऊन साजरं करतो. तुम्ही ग्वाटेमालावाले मेलात तरी धावायचं सोडणार नाही."

नोएमी हसली, रोमेलिया हसली नाही. पाण्याचं महत्त्व तिला कुणी सांगायला नको होतं. स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे पंधरा सप्टेंबरच्या, आदल्या दिवशी गावोगावची पोरं लांबच्या गावाहून पेटती मशाल घेऊन, शिट्ट्या फुंकत, धावत घरी येतात, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं पाण्याच्या पिशव्या त्यांच्या अंगावर फोडतात. परक्याने भिजवलं ते धरत नाहीत. आपल्या माणसाने भिजवायचं असतं. रोमेलियाच्या गावात ज्याला घरच्यांनी भिजवलं नाही त्याला वर्षभर "कोरडा" म्हणून चिडवत. लॉस एंजेलिसच्या या मोहल्ल्यातही इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं. मशाल एकेका रस्त्यापुरती एकेकाच्या हातात, आणि त्या रस्त्यावर त्याचं घर. यंदा आपल्या रस्त्याची मशाल पहिल्यांदाच नोएमीला मिळाली होती. मार्सियाल असता तर त्याने आठवडाभर आधीच बादल्या भरून ठेवल्या असत्या.

"मी खिडकीतून टाकीन," रोमेलिया शेवटी म्हणाली.

"दुसऱ्या मजल्यावरून? आई, पिशवी डोक्यावर दगडासारखी आदळेल."

"मग बाजूने पळ."

"बाजूने पळायची असते का मशाल?" नोएमी म्हणाली आणि दार आपटून आत गेली. पोरीचं चुकत नव्हतं, हे रोमेलियाला कळत होतं. कळून करायचं काय, ते कळत नव्हतं.

मुळात यंदा मशाल निघणार की नाही इथूनच सुरुवात होती. आबेलिनोभाऊंच्या बेकरीच्या मागच्या खोलीत बैठक झाली तेव्हा अर्धे लोक म्हणाले, सोडून द्या. इतकी माणसं एका जागी गोळा करायची म्हणजे त्या लोकांना ताट वाढून देण्यासारखंच. आबेलिनोभाऊ तसे शांत, पण त्या दिवशी पिठाचे हात टेबलावर आपटून म्हणाले, "धावायचं. फक्त शिट्ट्या नकोत. घंट्या वाजवा, डबे बडवा, पण यंदा शिट्ट्या नकोत."

कारण कुणी विचारलं नाही. उन्हाळ्यापासून मोहल्ल्यात शिट्टीचा एकच अर्थ उरला होता. ते आले. देल्फिनासारख्या कागदवाल्या बायका कोपऱ्याकोपऱ्यावर नारिंगी शिट्ट्या गळ्यात घालून उभ्या राहत. काळ्या काचांची गाडी दिसली की फुंकायची, आणि ज्याच्या कानावर पडेल त्याने आपलीही फुंकायची, म्हणजे पुढच्या गल्लीला कळेल. शिट्टी ऐकली की दिवा घालवायचा, खिडकीपासून लांब व्हायचं, जमिनीवर बसायचं. जी शिट्टी लहानपणी ऐकली की पोरं जेवण टाकून रस्त्यावर धावायची, तीच आता ऐकली की जेवण टाकून पलंगाखाली शिरायची. रोमेलियाला या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग यायचा. माणसं नेली ती नेली, आपली शिट्टीपण नेली.

घरात एक शिट्टी होती. तिचे वडील, त्रान्सितो, तरुणपणी केत्झाल्तेनांगोहून गावापर्यंत डोंगर उतरत मशाल आणायचे तेव्हाची, पत्र्याची, तोंडाशी चेपलेली. जूनमध्ये रोमेलियाने ती त्यांच्या खिशातून काढून मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली लपवली होती. फेकून द्यायला हात धजला नव्हता. एकदा त्यांनी ती शोधली, मग शोधतोय काय तेच विसरले.

चौदा तारखेला तिने सकाळीच मक्याचं दाट आतोल शिजवायला घेतलं. वास नाकात गेला तशी म्हाताऱ्याची कळी खुलली.

"आज चौदा ना गं?"

"हो बाबा."

"मार्सियाल कामावरून लवकर येईल मग."

"येईल," रोमेलिया म्हणाली. पहिल्या पहिल्यांदा ती खरं सांगायची, आणि बाप दर वेळी नव्याने रडायचा. आता ती सांगत नसे.

दुपारी नोएमी निळापांढरा सदरा घालून समोर उभी राहिली. केस घट्ट बांधलेले, मनगटाला पांढरी फीत. "निघते मी," ती म्हणाली. मग दारातून वळून, "आई, फाटकापाशी आलीस तरी चालेल. आतल्या बाजूला उभी राहा. मी गजांजवळून जाईन, तू गजांतून टाक."

पोरगी गेल्यावर रोमेलियाने ओट्याशी उभं राहून छोट्या पिशव्यांत पाणी भरलं, गाठी मारल्या आणि बेसिनमध्ये रचून ठेवल्या. फाटकापर्यंत जायचं, इतकंच. आतल्या बाजूला. ती स्वतःला समजावत होती.

दिवेलागणीच्या सुमाराला रस्त्यावर माणसं जमायला लागली. फार नाही. दर वर्षी पाय ठेवायला जागा नसायची. यंदा लोक दारांना चिकटून, एक पाय आत ठेवूनच उभे होते. कुणी खुर्ची आणली नव्हती. समोरच्या बाईने आतोलचं पातेलं बाहेर आणलं होतं, पण झाकण हातातच धरलं होतं. खाली फाटकाशी देल्फिना, गळ्यात नारिंगी शिट्टी. रोमेलियाने वडिलांना पुढच्या खोलीत खिडकीशी बसवलं, हातात आतोलचा पेला दिला.

"इथेच बसा बाबा. हलू नका. मशाल इथूनच दिसेल."

"मी कुठे जातोय? पळायचे दिवस गेले माझे," म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

लांबून घंट्या ऐकू आल्या. किरट्या, शाळेच्या घंट्या, आणि डबे. मशाल खरंच येत होती. तिने ठरवलं. जायचं. फाटकाच्या आत, पण जायचं. ती स्वयंपाकघरात गेली, बेसिनमधली सगळ्यात भरलेली पिशवी उचलली.

तेवढ्यात शिट्टी झाली.

लांब, टोकदार, अगदी जवळून. पुढचं काही रोमेलियाने केलं नाही, तिच्या अंगाने केलं. दिवा गेला. पाठ कपाटाला लागली. गुडघे पोटाशी आले. पाण्याची पिशवी छातीशी धरून ती ओट्याखाली बसली होती आणि दात दातांवर वाजत होते. बाहेर कुणी ओरडलं, दारं धडाधड लागली, पातेलं रस्त्यावर पडून गडगडत गेलं. घंट्या एकदम थांबल्या. मग दुसरी शिट्टी, खालून, देल्फिनाची. मग समोरून एक. मग पलीकडच्या गल्लीतून, मग त्याच्याही पलीकडून.

बाबा खिडकीत आहेत, हे तिला मग आठवलं.

ती रांगत पुढच्या खोलीत गेली. त्रान्सितो खिडकीशी उभे होते. मशीनचा खण उघडा होता, बॉबिना जमिनीवर विखुरल्या होत्या, आणि बापाच्या ओठांत ती चेपलेली शिट्टी होती. दोरा शोधायला गेले होते की पेला ठेवायला, देव जाणे. त्यांचे डोळे चमकत होते.

"सगळ्या मोहल्ल्यात वाजतायत," ते म्हणाले. "ऐक. किती वर्षांनी ऐकलं गं."

रोमेलियाने शिट्टी त्यांच्या तोंडातून ओढून घेतली. "बाबा, पहिली तुम्ही वाजवलीत?"

"मशाल आली ना."

"तुम्ही आधी वाजवलीत, की खालून ऐकून वाजवलीत? नीट आठवा. आधी कोण?"

म्हाताऱ्याने मनापासून आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "सगळेच वाजवत होते," तो म्हणाला.

झालं. आता कुणाला विचारणार? पहिली शिट्टी बाबांची असेल तर बाहेर काहीही नाही, एका म्हाताऱ्याच्या आनंदाने अख्खा मोहल्ला पलंगाखाली घातला होता. आणि नसेल तर ते लोक कोपऱ्यावर आले होते. तिने खिडकीच्या कडेने खाली पाहिलं.

रस्ता रिकामा होता. आतोल पांढरट ओघळत गटाराकडे चाललं होतं, एक घंटा आडवी पडली होती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध नोएमी एकटी उभी होती, हातात पेटती मशाल. बरोबरचे सगळे पळाले होते. तिला पळता येत नव्हतं, कारण मशाल खाली ठेवायची नसते आणि पेटत्या मशालीसकट कुणी घरात घेत नाही. शिवाय ती पहिल्यापासून म्हणायची, मी इथे जन्मलेय, मला कोण हात लावतंय. हात लावणार नाहीत, पण तुझी आई कुठे राहते असं नक्की विचारतील, हे रोमेलियाने तिला किती वेळा सांगितलं होतं. पोरगी मान वर करून या खिडकीकडेच बघत होती.

रस्त्याच्या टोकाला एक पांढरी गाडी वळली. काचा काळ्या. अगदी सावकाश येत होती, घरांचे नंबर वाचत असल्यासारखी.

जिना कसा उतरला ते रोमेलियाला नंतर सांगता आलं नाही. शिट्टी वर राहिली की कुठे पडली तेही नाही. पाण्याची पिशवी मात्र हातात होती. खाली देल्फिना फाटकाच्या कडीला पाठ लावून उभी होती.

"वर जा," देल्फिना दबक्या आवाजात म्हणाली. "मरायचंय का तुला? वर जा आधी."

"नोएमी बाहेर आहे."

"तिला काही करत नाहीत ते. तुला करतील. गाडी बघितलीस ना?"

"बाबांनी वाजवली गं शिट्टी. बहुतेक बाबांनीच."

"बहुतेक?" देल्फिनाने तिच्याकडे डोळे फाडून पाहिलं. "बहुतेकवर तू रस्त्यात उतरणार?"

रोमेलियाने देल्फिनाला बाजूला सारलं, ती शिव्या घालत सरकली, तशी रोमेलियाने कडी काढली. जूननंतर पहिल्यांदा तिच्या चपलेखाली फुटपाथ आला. तो अजून दिवसभराच्या उन्हाने गरम होता. ती धावली नाही. धावलेलं दिसतं. ती भाजी आणायला निघाल्यासारखी चालत गेली आणि सगळा वेळ डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती पांढरी गाडी मोठी होत होती.

"आई," नोएमी म्हणाली. आवाज बारीक, लहानपणचा. तिच्या हातातल्या मशालीबरोबर सगळ्या रस्त्यावर उजेड हलत होता.

गाडी त्यांच्याजवळ आली, आणखी हळू झाली. काच खाली गेली. रोमेलिया मुलीच्या पुढे उभी राहिली. का, ते तिलाही माहीत नव्हतं, कारण त्या दोघींत जिला धोका होता ती तीच होती. डोळे मिटावेसे वाटले, पण मिटेनात.

आत टोपीवाला एकटा पोरगा होता. मागे गाद्या कोंबलेल्या. "बाई, चारशेबारा नंबर कुठे आहे?" त्याने त्यांच्याच बोलीत विचारलं. "आणि झालं काय इथे? सगळे गेले कुठे?"

नोएमीने मशालीनेच पुढचं घर दाखवलं. पोरगा आभार मानून गेला. गादीची गाडी. रोमेलियाला हसू येत होतं की उलटी, ते तिला कळेना. म्हणजे बाबाच. पहिली शिट्टी बाबांचीच. बाहेर काही नव्हतं, कुणी नव्हतं. सगळ्या मोहल्ल्यात ही गोष्ट खात्रीने फक्त तिला ठाऊक होती.

"आलीस तू," नोएमी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मग टाक ना. कोरडी राहू का मी?"

रोमेलियाने पिशवीची गाठ सोडायचा प्रयत्न केला, बोटं चालेनात, तेव्हा दातांनी फोडली. पाणी मुलीच्या खांद्यावर, मानेवर, सदऱ्यावर सांडलं, मशालीला मात्र थेंब लागला नाही. नोएमीने श्वास आत ओढला आणि मग हसली, बापासारखी, सगळे दात दाखवून. समोरच्या घराचं दार बोटभर उघडलं. रोमेलियाने मुलीच्या ओल्या गालावर हात ठेवला आणि जूनपासून पहिल्यांदा तिला वाटलं की आपला श्वास पोटापर्यंत जातोय.

वर खिडकीत त्रान्सितोंनी हे सगळं पाहिलं होतं. लेकीने नातीला भिजवलं होतं. यापेक्षा मोठा दिवस तो कुठला? त्यांना शिट्टी पायाशी सापडली. त्यांनी छाती भरून घेतली आणि फुंकली.

रोमेलिया पळाली.

कोण फुंकतंय ते तिला माहीत होतं. का फुंकतंय तेही माहीत होतं. रस्त्यात काही नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिचा हात मुलीच्या गालावरून निघाला, पाय वळले, आणि ती फाटकातून आत शिरली, दार ओढलं, कडी घातली, तेव्हा कुठे आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. मध्ये लोखंडी गज होते. नोएमी बाहेर राहिली होती.

समोरचं दारही पुन्हा लागलं होतं. पोरगी रस्ता ओलांडून फाटकाशी आली, केसांतून पाणी निथळत होतं. वर शिट्टी वाजतच होती.

"आई," ती गजांतून म्हणाली, "आजोबा आहेत गं. फक्त आजोबा."

"माहीत आहे मला," रोमेलिया म्हणाली.

"मग उघड ना."

"उघडते."

देल्फिना तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने रोमेलियाची बोटं कडीवरून एकेक करून सोडवायला सुरुवात केली. एक सुटलं की दुसरं पुन्हा घट्ट बसायचं, आणि बाहेर नोएमी मशाल उंच धरून वाट पाहत राहिली.